सोमवारच्या गाऱ्हाण्यातली चूक

पुंडलीकबाब,

तुमचं बारावं होऊन चार दिवस झाले. वैनी बऱ्या आहेत. तुमच्या खोलीतलं वायरींचं भेंडोळं कोणी न्यायचं यावरून दोन्ही मुलगे भांडून झाले आणि आता ते भेंडोळं दोघांनाही नको आहे. घरची खबर एवढीच.

बाराव्याची पंगत उठल्यावर माणसं मांडवातच बसून राहिली आणि तुमच्या गोष्टी निघाल्या. जत्रेत तुम्ही खांबावर चढून वायर जोडत होता आणि खाली पालखी तुमच्यासाठी खोळंबली, ती गोष्ट. आरती चालू असताना तुम्ही पडद्यावर शिंकलात आणि मोरजीच्या एका म्हातारीने नातवाचा साखरपुडा आठवडाभर पुढे ढकलला, ती गोष्ट. सगळे हसत होते. मग एकाने ती काढलीच.

"पुंडलीक जल्मात एकच फावट चुकलो," तो म्हणाला, "पूण असो चुकलो की तुयेच्या एका चेडवाचें लगीन जावन गेलें!"

आणि त्याने उठून नक्कल केली. टीव्हीसमोर हात जोडून बसलेला बाप, तोंडातून "व्हय म्हाराजा" निघून जातं आणि मग डोळे विस्फारतात. लोक लोटपोट झाले. वैनीसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. मी पत्रावळी गोळा करत होते. त्या घेऊन मागच्या दारी गेले आणि खरकटं हातात धरून बराच वेळ तिथेच उभी राहिले.

वीस-बावीस वर्षं मी ही गोष्ट ऐकते आहे. लग्नात ऐकली, बसमध्ये ऐकली, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे आ वासून बसले असताना ऐकली. दर वेळी गप्प राहिले, कारण तुम्हीच गप्प बसवलं होतं. आता बसवायला तुम्ही नाही.

आपलं चॅनल ज्यांनी पाहिलं नाही त्यांना हे कळायचं नाही, म्हणून थोडं सांगते. गोवा राज्य होऊन काही वर्षं झाली होती. घराघरांत केबलची वायर आली होती आणि त्या वायरीतून मुंबई-दिल्ली सगळं येत होतं, फक्त पेडणं येत नव्हतं. तुम्ही आमोण्याचे. मांडवीकाठची शेती भावाला देऊन खाणीवर यंत्रं दुरुस्त करणारे, मग लग्न करून पेडण्यात आलेले. बाजारात जुझे पदेराच्या पावभट्टीवरची खोली तुम्ही घेतलीत. एक कॅमेरा, दोन व्हीसीआर आणि तुम्हीच जोडलेली एक पेटी, तिच्यातून चित्र केबलमध्ये जायचं. भजन, कीर्तन, जत्रा, पालखी. खाली उंडे भाजले जायचे आणि वर देवाच्या तसबिरीचा हार दुपारपर्यंत वाळून जायचा.

मी कामाला आले तेव्हा तुम्ही दोनच प्रश्न विचारलेत.

"बरपाचें अक्षर बरें आसा?"

"आसा."

"देवाचेर विस्वास?"

"थोडो आसा."

"थोडो पुरो. चड आसल्यार काम जायना."

दर सोमवारी संध्याकाळी सातला गाऱ्हाणं असायचं, आणि चॅनल चालायचं ते त्याच्यावर. देवळात गावकर देवापुढे उभा राहून लोकांची अडचण मोठ्याने मांडतो आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात, ते आपल्याकडे पोरालाही ठाऊक असतं. तुमचे वडील आमोण्याच्या देवळात ते करायचे. तुम्ही ते टीव्हीवर आणलंत. लोक दिवसभर फोन करून अडचण सांगायचे, मी लिहून घ्यायची आणि तुम्ही कॅमेऱ्याकडे नाही, तसबिरीकडे बघत म्हणायचा, "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरान तुका हाक मारली आसा, तेच्या वाटेत जो काय काटो आसात तो पयस कर रे म्हाराजा!" आणि घराघरांत टीव्हीसमोर बसलेली माणसं म्हणायची, "व्हय म्हाराजा." खाली जुझेसुद्धा म्हणायचा. तो इगर्जीत जाणारा ख्रिस्ती माणूस, पण सात ते साडेसात भट्टीचा फावडा आपटायचा नाही आणि दर वाक्याला खालून त्याचा आवाज यायचा. मी त्याला एकदा विचारलं, तर म्हणाला, "मनीस रडटा, हांव व्हय म्हणटां. तातूंत कितें गेलें?"

भाषेवरून तेव्हा सगळीकडे भांडण होतं, आपल्यालाही सोडलं नाही. आरतीची माहिती तुम्ही मराठीत सांगायचा आणि गाऱ्हाणं पेडण्याच्या बोलीत. एक पत्र आलं, सगळं मराठीत का बोलत नाही. दुसरं आलं, सगळं कोकणीत का बोलत नाही. दोन्ही पाकिटांवर घराचा पत्ता एकच होता. दोन सख्खे भाऊ. तुम्ही दोघांनाही उत्तर दिलंत, की पुढच्या सोमवारी दोघांनी मिळून यावं आणि आपण कुठल्या भाषेत रडतो ते दाखवावं. आले नाहीत.

टीव्हीवर गाऱ्हाणं घालायचं तर नावं उघडी पडतात, म्हणून तुम्ही एक रीत घातली होती. प्रत्येक फोनच्या दोन चिठ्ठ्या. पांढरीवर नाव नाही, गाव नाही, नुसतं "एक लेकरू" आणि त्याची अडचण. ती तुमच्यासमोरच्या तबकात. गुलाबीवर सगळं खरं: नाव, वाडा, कोणाविरुद्ध, काय. ती घडी घालून तसबिरीच्या पायाशी, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही ती देवळात नेऊन ठेवायचा. पांढरी लोकांची, गुलाबी देवाची. मी तुमच्याशी यावर भांडायची. देवाला सगळं कळतं तर नाव कशाला लिहायचं? तुमचं उत्तर ठरलेलं. "देवाक खबर आसाच. पूण मागतल्यान आपलें नांव सांगपाची तयारी दाखोवंक जाय." मागणाऱ्याने नाव सांगायची तयारी दाखवली पाहिजे, हे मला पटलं नव्हतं. कागद आणि वेळ दोन्ही जातात एवढंच मला दिसायचं.

त्या सोमवारी गुलाबी कागद संपला. छापखान्यातून लग्नपत्रिकांची उरलेली कापणं आणायची, ती आणायची राहिली. आणि मला संध्याकाळी बघायला पाहुणे यायचे होते. पाचच्या बसने मला घर गाठायचं होतं. मी दोन्ही चिठ्ठ्या पांढऱ्यावरच लिहिल्या.

तिचा फोन चारच्या सुमाराला आला. तुयेच्या कारखान्याबाहेरच्या बूथवरून. मागे यंत्रांचा आवाज. हळू, एकेक शब्द तोलून बोलत होती. त्याच कारखान्यात माल भरण्याच्या कामावरचा बेळगाव जिल्ह्यातला एक मुलगा. म्हापशाला जाऊन दोघांनी लग्नाची नोंद केलेली, घरी ठाऊक नाही. ती अजून बापाच्या घरीच राहते. "बापायचां मन जरा मव होवदे, मगे मी सांगतंय," म्हणाली. "देवाक आदी सांगतंय, मगे बापायक." मी तिचं नाव विचारलं, बापाचं विचारलं, मुलाचं विचारलं. तिने सगळं सांगितलं. सांगताना एकदा म्हणाली, "ह्यां टीवीर येवचां नाय मां?" मी म्हटलं, "नाय गो." आणि देवाची चिठ्ठी तुमच्या तबकात ठेवून बस पकडायला धावले.

मी बघायला आलेल्या माणसांना चहा देत होते तेव्हा तुम्ही ती वाचलीत. नाव, वाडा, बापाचं नाव, मुलाचं नाव, म्हापशातली नोंद. त्या वाड्यावर टीव्ही फक्त तिच्या बापाकडे. ओटीवर दहा-बारा माणसं बसलेली. बापाच्या तोंडाला सवय झालेली, वाक्य संपलं की शब्द आपोआप बाहेर. "व्हय म्हाराजा." सगळ्यांच्या देखत. मग त्याला कळलं की आपण कशाला होकार दिला.

गोष्ट इथे संपते, म्हणून लोक हसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खोलीत आला. चपला दाराबाहेर काढल्या, तसबिरीला हात जोडले आणि मग तुमच्यासमोर बसला. मी फोनच्या टेबलापाशी होते.

"चिट कोणी लिवली?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हांवें."

"तू वाचतंस. लिवता हां चेडू. सगळ्या पेडण्याक खबर आसा."

"काल हांवें बरयली. ती बेगीन घरा गेल्ली. तिका पळोवपाक सोयरे येवपाचे आशिल्ले."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तिथेच बोलायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. मला आवाज होता, तोंड होतं, मी नाही बोलले.

"देवाक सांगलंस तां बरां केलंस," तो म्हणाला. आवाज चढला नाही, हेच मला सहन होईना. "गावाक कित्याक सांगलंस?"

"चुकलों."

"माजां तोंड व्हय म्हणान गेलां. आता देवाफुडें नाय म्हणूक येवचां नाय. म्हणूचंय नाय. पण तिका दारात उबी करूचंय नाय."

आणि तो बोलला तसंच वागला. लग्नाला त्याने कधी हरकत घेतली नाही. मुलीला घरातही घेतलं नाही. ती त्याच दिवशी एका पिशवीनिशी बाहेर पडली. काही वर्षांनी तिची आई अंथरुणाला खिळली तेव्हा ही फाटकापर्यंत येऊन परत गेली. हे मांडवातल्या नकलेत नसतं.

तो गेल्यावर मी म्हटलं, मी जाऊन सांगते त्यांना. तुम्ही वायर सोलत होता.

"कितें सांगतलें? तुजें लग्न थरता. नांव आयलें जाल्यार तुजो भाव तुका फाल्यांच घरांत बसयतलो. मागीर फोन कोण घेतलो? जुझे?"

पुढच्या सोमवारी तुम्ही पडद्यावर हात जोडून सांगितलंत, "चूक म्हजी," आणि चिठ्ठीशिवाय गाऱ्हाणं घातलंत. फोन त्या दिवशी तीन आले. त्याच्या पुढच्या सोमवारी एक आला, तोही चुकून लागलेला. मग वाजलाच नाही. लोकांनी राग धरला नव्हता, भाजी घेताना तुमच्याशी पूर्वीसारखेच बोलत. पण स्वतःचं दुःख आता ते आपल्या खोलीत पाठवायला तयार नव्हते. चौथ्या सोमवारी तुम्ही सातला भजनाची टेप लावलीत आणि खिडकीत जाऊन उभे राहिलात. खाली जुझेने थोडा वेळ वाट पाहिली असावी. मग फावड्याचा आवाज सुरू झाला.

माझं लग्न ठरलं. डिचोलीत दिलं मला. तरी मी दोन बस बदलून कामाला येत राहिले, आणि तुम्ही मला कॅमेरा शिकवलात. "श्वास नाकान घे, हातान न्हय," असं ओरडून. पालखीबरोबर उलटं चालायला शिकवलंत. मी पहिल्यांदा गाभाऱ्यापाशी कॅमेरा घेऊन गेले तेव्हा एक मानकरी म्हणाला, बायल माणूस कित्याक? तुम्ही म्हणालात, "म्हजो हात थरथरता. देव हालतो दिसलो जाल्यार तूं जबाबदार." त्याने वाट दिली. तुमचा हात मुळीच थरथरत नव्हता. आज लग्नांचं चित्रण करून मी घर चालवते, दोन मुली शिकवल्या, त्याचं मूळ तिथे आहे. डिजिटलचे डबे आले, केबल मोठ्यांच्या हातात गेली, आपलं चॅनल एका दुपारी निळा पडदा होऊन थांबलं, त्यानंतरही हातातली विद्या राहिली.

मी तुम्हाला तीनदा म्हटलं की आता सांगू द्या. एकदा आमोण्याच्या जत्रेत, नदीच्या काठावर, कॅमेरा लावून पालखीची वाट बघत होतो तेव्हा. मी बोलायला तोंड उघडलं, तर तुम्ही बोट ओठांवर ठेवून म्हणालात, "आवाज टेप जाता." घरी येऊन टेप पाहिली, तर यंत्र सुरूच नव्हतं. एकदा माझ्या थोरलीच्या बारशाला. तेव्हा तुम्ही सरळ उठून जेवायला बसलात. आणि तिसऱ्यांदा गेल्या महिन्यात, तुमच्या खाटेपाशी. तुमचा आवाज पार खाली गेला होता. "ती चूक म्हजी, बाय," म्हणालात. "तुजी न्हय." मला वाटलं, मरणाच्या दारातही हा माणूस मला पाठीशी घालतो आहे. डोळे भरून आले, आणि मला रडायला आवडत नाही म्हणून मी तुमच्या उशीचा अभ्रा बदलत बसले.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुयेला गेले. ती आता बापाच्याच घरात राहते. आई गेल्यावर म्हातारा एकटा पडला, पडून पाय मोडला, तेव्हा ती न विचारता आत शिरली आणि चूल पेटवली. तिने भात वाढला तेव्हा तो जेवला. तो जाईपर्यंत सात वर्षं सांभाळला तिने. तिचा नवरा अंगणात गाडी धूत होता, उत्तम पेडणेकरी बोलतो.

मी ओटीवर बसले आणि चहा यायच्या आत सांगून टाकलं. चिठ्ठी मी लिहिली होती. मी चुकीची ठेवली. पुंडलीकबाबांनी माझं नाव झाकलं.

तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "मी त्या दारात उबी होतंय. थंय. बापायचां तोंड बगूक." आतल्या दाराकडे बोट केलं. "चिट तुयां लिवलंस, बरां. पण वाचली तेणां. माज्या नावाकडे येवन तो थांबलो. मी बगलंय. येक श्वास थांबलो. मगे वाचल्यान."

मी म्हटलं, "सवयीने वाचलं असेल."

"सवय आसली तर थांबलो कित्याक?"

पुंडलीकबाब, मला उत्तर माहीत आहे. तुमच्याबरोबर इतकी वर्षं काढली म्हणून माहीत आहे. एकदा गाऱ्हाणं चालू असताना वीज गेली. कॅमेरा बंद, दिवा बंद, घराघरांत पडदे काळे. मी म्हटलं, थांबा आता, कोण ऐकतंय? तुम्ही थांबला नाहीत. देवाला हाक मारून वाक्य अर्धवट सोडत नाहीत, म्हणालात नंतर. वडिलांनी तसं कधी सोडलं नव्हतं. त्या सोमवारीही तुम्ही हाक मारून बसला होता. समोर एका मुलीचं नाव होतं आणि पाठीमागे तुमचे वडील उभे होते. तुमच्याकडे एक श्वास होता आणि त्यात तुम्ही वडिलांची बाजू घेतलीत.

म्हणजे खाटेवरून तुम्ही मला पाठीशी घालत नव्हता. तुम्ही आपली चूक माझ्याकडून परत मागत होता. आणि मी ती बावीस वर्षं माझीच म्हणून धरून ठेवली होती, तिच्यावर हक्क सांगत होते. तुम्ही हे एकदा तरी मोकळेपणी बोलायला हवं होतं. मी विचारायला हवं होतं. आपण दोघे दिवसभर दुसऱ्यांची दुःखं लिहून घेत होतो आणि आपलं एक वाक्य दोघांच्याही तोंडातून निघालं नाही. तुम्ही असता तर आज कडाडून भांडले असते तुमच्याशी. अर्धं वाक्य राहिलं असतं तर देव काही मेला नसता, असं तोंडावर म्हटलं असतं. आणि मग तुमच्यासाठी चहा टाकला असता.

हे मी तिला सगळं सांगितलं. माफ कर असंही म्हटलं. तिने मान हलवली, होकाराची की नकाराची ते कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. निघताना म्हटलं, मी हे लिहून छापायला देणार आहे. लोक पुंडलीकबाबांवर हसतात, तुझ्या बापावर हसतात, ते मला आता ऐकवत नाही. तुझी हरकत असेल तर नाही लिहिणार.

तिने चहाचे कप उचलले. दोन पावलं आत गेली आणि वळली.

"लिव. पण ह्या टायमाक तुजां नाव घाल. माजां नको."

तिचं नाव या लेखात कुठेही नाही. तिच्या बापाचं नाही, नवऱ्याचं नाही. दोनदा वाचून खात्री केली आहे. ज्याने चिठ्ठी वाचली त्याचं नाव पहिल्या ओळीपासून आहे, आणि ते त्याला चाललं असतं.

चिठ्ठी मी लिहिली आणि मीच चुकीच्या जागी ठेवली. माझं नाव सुमती वासुदेव गावकर. माहेर पेडणे, राहणार डिचोली.